आत्यांनी परत पाठवलेले धने

९ मार्च, रविवार

धने परत. तिसऱ्यांदा.

डायरी लिहायची सवय बारा वर्षांपूर्वी लग्न झालं तशी मोडली होती. आज पुन्हा लावून घेते आहे, कारण हे कुठेतरी ओकलं नाही तर माझ्या हातून एखादी बरणी फुटेल. नितीनला सांगून उपयोग नाही. नवरा एसटीत कंडक्टर, दिवसभर लोकांची सुट्ट्या पैशांवरून भांडणं ऐकून येतो. घरी आला की त्याचं एकच, "आई म्हणतीय तर असंल."

आई म्हणजे माझ्या सासूबाई, भिमाबाई. मी त्यांना आत्या म्हणते. नेवाशात काळा मसाला म्हटलं की त्यांचं नाव निघतं. आमचा मसाला वर्षातून एकदा होतो, मार्च-एप्रिलच्या उन्हात, आणि त्यात पडणारा प्रत्येक जिन्नस आधी आत्यांच्या तळहातावरून जातो. चार दाणे घेतात, अंगठ्यानं चुरडतात, फुंकर मारून फोल उडवतात, डोळे मिटून नाकाशी नेतात. मग एकच शब्द. "ठेव" किंवा "परत". त्यावर अपील नाही. आत्यांनी "ठेव" म्हटल्याशिवाय या घरात कढई चुलीवर चढत नाही.

यंदा संगमनेरच्या एका दुकानानं साठ किलो मागितला आहे. एवढी मोठी मागणी पहिलीच, आणि ती मी आणली आहे, दोन वेळा जाऊन, नमुने दाखवून. बारा एप्रिलच्या आत पोचवायचा. मसाल्यात निम्मे धनेच असतात आणि आत्या गोणीमागून गोणी परत पाठवताहेत. मला तर वाटतं, मागणी मी आणली हेच त्यांना खुपलं आहे.

१२ मार्च, बुधवार

नगरला जाऊन आले. आप्पासाहेबांच्या दुकानी. त्यांच्याकडून आत्या वीस वर्षं माल घेतात. माणूस सभ्य आहे, आज मात्र मला बघूनच त्यांचा चेहरा उतरला. मी सांगितलं, या गोणीतही दम नाही. त्यांनी गोणीत हात घातला, मूठभर धने चुरडून माझ्यासमोर धरले. वास घमघमत होता. हिरवट, थोडा गोड, नाकात वरपर्यंत जाणारा. निदान मला तरी तसा आला.

पण माझ्या नाकाला विचारतो कोण. लग्न होऊन आले त्या वर्षी मी शिळ्या बडीशेपेला चांगली म्हटलं होतं आणि आत्यांनी सगळ्या बायकांसमोर ती सुपातून उकिरड्यावर टाकली होती. तेव्हापासून मी निवडते, वाळवते, भरते, हिशेबाची वही लिहिते. वास घेत नाही. म्हणजे घेते, पण बोलत नाही. म्हणून आज आप्पासाहेबांना ठणकावून सांगितलं की शिळे आहेत.

त्यांनी हातातले धने परत गोणीत टाकले. मग म्हणाले, "भिमाबाईंचा शब्द आजपर्यंत चुकला न्हाई ताई. मी दुसरी गोनी देतो. त्यांची तब्येत बरी हाय ना?"

विषय कसा बदलायचा हे व्यापाऱ्याकडून शिकावं. म्हटलं, ठणठणीत आहेत. जानेवारीत ताप आला होता आठ दिवस, सर्दीनं बेजार झाल्या होत्या, पण तो केव्हाच गेला.

१५ मार्च, शनिवार

चौथी गोणी परत.

या खेपेला त्यांनी फार वेळ लावला. चुरडलं, हुंगलं, पुन्हा चुरडलं. तळहात अगदी नाकाला टेकवला. मी समोर उभी, मनात म्हणते, आत्या, आता तरी. शेवटी हात झटकून म्हणाल्या, "ह्याला काईच न्हाई." आणि उठून मोरीत गेल्या.

मग सगळ्या बरण्याच काढायला लावल्या. दिवाळीनंतर मी चोवीस पारदर्शक बरण्या आणल्या होत्या, झाकणाला फिरकी, वर चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख. आत्यांचे पत्र्याचे डबे मी माळ्यावर टाकले. तेव्हा त्या एवढंच बोलल्या होत्या की मसाल्याला उजेड सोसत नाही, अंधारात ठेवायचा असतो. मी ऐकलं नाही. खिडकीच्या फळीवर रांग लावली, दिसायला छान दिसते म्हणून. त्याचा सूड आज निघाला. लवंग उघडली, गेली म्हणाल्या. दालचिनी, गेली. जायपत्री, गेली. शेवटी हिंगाचा खडा. तोही नाकाशी धरला आणि म्हणाल्या, गेला.

आता हिंग. जो हिंग कागदात, पिशवीत आणि वर डब्यात ठेवूनही आमच्या कपाटातल्या साड्यांना लागतो, तो गेला. मी काही बोलायच्या आत त्यांनी खडा बरणीत टाकला आणि पदरानं हात पुसत परसात जाऊन बसल्या. इतकं कुणाला खिजवू नये. चूक झाली माझी, उजेडात ठेवले मसाले, कबूल. पण म्हणून हिंगसुद्धा?

मग मी सगळ्या बरण्या रिकाम्या केल्या. डबे माळ्यावरून काढले, घासले, दिवसभर उन्हात उपडे घातले. रडले पण. रडून डोळे सुजले की अजून राग येतो.

१९ मार्च, बुधवार

दूध करपलं. मी गच्चीवर मिरच्या पसरवत होते, तिथपर्यंत करपल्याचा वास आला. धावत खाली आले तर पातेलं काळं, आणि आत्या गॅसपासून चार हातांवर बसून दगडफुलातल्या काड्या निवडताहेत. मान वर नाही.

माझा तोल गेला. म्हटलं, "आत्या, माझ्यावर राग असेल तर मला बोला, दुधावर कशाला काढता?" त्या पातेल्याकडे बघत राहिल्या. उलट बोलल्या नाहीत. बारा वर्षांत पहिल्यांदा मी वाढवलेलं भांडण त्यांनी घेतलं नाही, आणि मला त्याचाही राग आला.

जेवताना नितीन म्हणाला, आमटी अळणी आहे. आत्यांनी केली होती. माझ्याकडे बघून म्हणाला, जणू मीच केली होती.

२४ मार्च, सोमवार

पाचवी गोणी. परत.

आज मी ठरवलं, यांच्या नाकावर किती दिवस जगायचं. आप्पासाहेबांनी सांगितलेल्या खुणा होत्या, त्या एकेक करून पाहिल्या. लवंगेला नखानं दाबलं, तेल आलं. पेल्यातल्या पाण्यात टाकली तर आडवी तरंगली नाही, उभी राहिली. मिरी बुडली. तमालपत्र मोडलं तर कटकन आवाज झाला. दालचिनी चघळली, आधी गोड मग तिखट. वेलदोडा सोलला, आतले दाणे काळे आणि चिकट. म्हणजे उजेडात राहूनही माझे मसाले फारसे बिघडलेले नाहीत. दगडफूल तेवढं मलूल वाटलं, पण ते आणलं तेव्हाच तसं होतं.

आत्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या, मला कळलंच नाही. पेल्यातल्या लवंगांकडे बघत म्हणाल्या, "पान्याला काय कळतंय." मग थोड्या वेळानं, "आनि उभी राहिली म्हंजी चांगली का?" मी म्हटलं, हो. त्यांनी पेला हातात घेतला आणि उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिल्या. मग माझ्याकडून बाकीच्या खुणाही विचारून घेतल्या, दोन दोनदा. माझी परीक्षा घेत असणार. मी चुकते कुठे ते बघत असणार.

२८ मार्च, शुक्रवार

आजचा प्रकार तर मी कधी विसरणार नाही.

दरवर्षी या दिवसांत गावातल्या बायका आपापल्या मसाल्याच्या पुरचुंड्या घेऊन आत्यांकडे येतात. वर्षाचा मसाला करायच्या आधी भिमाबाईंनी एकदा बघितलेला बरा, असा रिवाजच आहे. आज रंगुबाई आल्या. वरच्या आळीतल्या, मोठ्या घरच्या. त्यांची आणि आत्यांची जुनी हकीकत आहे. आत्या तरुणपणी त्यांच्याकडे मिरच्यांची देठं खुडायला जायच्या, रोजानं. अंगणात बसायचं, पाणी वरून घ्यायचं, चहाचा कप वेगळा. एकदा आत स्वयंपाकघरात खसखस भाजत होते आणि आत्या अंगणातून ओरडल्या की ती खवट आहे, घालू नका, सगळा मसाला नासेल. आतल्या कुणालाच ते कळलं नव्हतं. चाखून बघितली तर खवट निघाली. पुढच्या वर्षी रंगुबाईंनी आत्यांना मसाला बघायला आत बोलावलं, थेट चुलीपाशी. मग बाकीच्या घरांनीही बोलावलं. आत्या हे फारसं सांगत नाहीत. मला नितीननं सांगितलं, तोही एकदाच.

तर आज रंगुबाईंनी पुरचुंडी सोडली आणि आत्या म्हणाल्या, "सीमा, तू बघ गं आधी."

बारा वर्षांत पहिल्यांदा. मी धने चुरडले, लवंग हुंगली, शहाजिरे चोळले. म्हटलं, धने चांगले आहेत, लवंग जुनी आहे, शहाजिऱ्यात दुसरं काहीतरी मिसळलेलं आहे. आत्यांनी सगळं एकेक करून नाकाशी नेलं, डोळे मिटले, आणि रंगुबाईंना म्हणाल्या, "धने ठेवा. लवंग जुनी हाय. शहाजिऱ्यात भेसळ हाय." शब्द न शब्द माझा.

रंगुबाई म्हणाल्या, "भिमाबाई, तुमच्यासारखं दुसरं कोन न्हाई." आणि आत्या नुसत्या हसल्या.

माझं नाव घेतलं असतं तर काय बिघडलं असतं? "सून म्हनती ते बरोबर हाय," एवढं तरी. माझ्या तोंडातला घास काढून स्वतःच्या पानात वाढून घेतला. संध्याकाळी भाकरी मी मुद्दाम जाड थापल्या.

२ एप्रिल, बुधवार

दहा दिवस राहिले. ऊन द्यायला दोन दिवस, ते निवायला एक, कारण गरम माल डब्यात भरला तर आतून घाम धरतो आणि बुरशी येते. मग भाजणी, मग कांडप. म्हणजे दोन दिवसांत धने ठरले नाहीत तर संगमनेरला फोन करून नाही म्हणावं लागेल. मी आणलेली मागणी मीच परत करायची.

मी आज एक गोष्ट केली. लिहायला लाज वाटते, पण डायरीत खोटं कशाला. माळ्यावर मागे राहून गेलेल्या एका डब्यात दोन वर्षांपूर्वीचे धने सापडले. किडलेले नाहीत, दिसायला स्वच्छ, पण वास मेलेला. चुरडले तर नुसता भुसा. ते मी नव्या पिशवीत भरले. उद्या आत्यांना सांगणार, आप्पासाहेबांनी खास राजस्थानचा नवा माल पाठवला आहे. "परत" म्हणाल्या तर ठीक, त्यांचं नाक खरं आणि मी शिळी बडीशेप. पण "ठेव" म्हणाल्या तर मग हे नाक नाही, नुसती मर्जी आहे, आणि मी पंचवीस दिवस या मर्जीपायी नेवासा-नगर करत होते.

३ एप्रिल, गुरुवार

पकडल्या.

पिशवी समोर ठेवली. म्हटलं, आप्पासाहेब म्हणाले यापेक्षा भारी माल यंदा नाही. आत्यांनी चार दाणे घेतले, चुरडले, नाकाशी नेले. माझ्याकडे बघितलं. "तुला कसा वाटतो?" म्हणाल्या. मी म्हटलं, एक नंबर. त्यांनी डोळे मिटले, मान हलवली.

"ठेव."

मला नाचावंसं वाटलं. उद्या नितीनची सुट्टी आहे. त्याच्यासमोरच सांगते, म्हणजे "आई म्हणतीय तर असंल" हे कायमचं बंद होईल.

४ एप्रिल, शुक्रवार

सांगितलं.

चहा झाल्यावर दोन्ही पिशव्या मधोमध ठेवल्या, पाचव्या गोणीतून काढून ठेवलेले धने आणि माळ्यावरचे. सगळं सांगितलं, आवाज चढवून. म्हटलं, ताजे पाचदा परत पाठवले आणि मेलेल्याला ठेव म्हणालात. मला एकदा सांगा, मी तुमचं काय वाईट केलं आहे?

नितीन आईकडे बघत होता. आत्यांनी दोन्ही पिशव्यांतून दाणे घेतले, दोन तळहातांवर, दोन्ही हुंगले. मग हात मांडीवर ठेवले.

"मला काईच येत न्हाई गं," त्या म्हणाल्या. "ताप आल्ता तवापास्नं. ह्यालाबी न्हाई अन् त्यालाबी न्हाई."

नितीन म्हणाला, मग आधी का नाही सांगितलं. त्या म्हणाल्या, आधी वाटलं मालच गेलेला आहे. मग हिंगालाही वास आला नाही तेव्हा समजलं.

"मग त्यानंतरची गोणी का परत केली, आत्या?"

"म्हनलं, पुढच्या गोनीला यील." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "चांगला माल आला की यील वास. म्हनून परत कराय लावत हुते."

करपलेलं दूध, अळणी आमटी, हातात धरलेला लवंगांचा पेला, सगळं एकदम समोर आलं. आणि मी त्यांच्यासाठी सापळा रचला होता. त्यांनी मला विचारलं होतं, तुला कसा वाटतो. माझ्यावर विश्वास टाकून "ठेव" म्हणाल्या होत्या आणि मी वर बसून ती ओळ लिहिली होती, पकडल्या. ती खोडणार नाही. राहू दे.

५ एप्रिल, शनिवार

नगरला डॉक्टरकडे जाऊन आलो. तापानंतर असं होतं म्हणाले. कधी सहा महिन्यांत वास परत येतो, कधी वर्षानं, कधी थोडाच येतो. घरी गॅसकडे लक्ष ठेवा म्हणाले. आत्यांनी एकच विचारलं, औषधानं बारा एप्रिलच्या आत येईल का. डॉक्टर हसले. मला त्यांना एक ठेवून द्यावीशी वाटली.

येताना आप्पासाहेबांच्या दुकानी थांबलो. माफी मागायला मी तोंड उघडलं, तर आत्याच पुढे झाल्या. "तुमचा माल चांगला हुता. चूक माजी." आप्पासाहेब खुर्चीवरून उठून उभे राहिले. पाचवी गोणी त्यांनी अजून कुणाला दिली नव्हती. आमचं नाव तसंच होतं तिच्यावर.

८ एप्रिल, मंगळवार

धने उन्हातून निघाले. उद्या भाजणी. अजून तीन बायका पुरचुंड्या घेऊन येणार आहेत, लवंग बदलून पुन्हा येते म्हणून रंगुबाईंनी आज सकाळी निरोप पाठवला. मी आत्यांना म्हटलं, काही बोलू नका. मी शेजारी बसते. माल चांगला असला की तुमच्या पाठीला हात लावीन, वाईट असला की नाही लावणार. शब्द तुमचाच राहू दे.

त्या काही बोलल्या नाहीत. मी ते हो समजले. खरं सांगायचं तर मला स्वतःचं कौतुक वाटलं. दहा दिवसांपूर्वी श्रेय हवं म्हणून जळत होते आणि आज लपवायला तयार झाले, असं वाटून बरं वाटत होतं.

९ एप्रिल, बुधवार

रंगुबाई आणि आणखी दोघी आल्या. चटईवर पुरचुंड्या सोडल्या. मी आत्यांना खेटून बसले, हात पाठीशी तयार. रंगुबाईंनी लवंग आत्यांच्या तळहातावर ठेवली.

आत्यांनी ती तशीच माझ्या हातात दिली. "हिला दावा. मला वास येत न्हाई. जानेवारीपास्नं येत न्हाई." आणि मी काही म्हणायच्या आत, "मागच्या खेपेलाबी हिनंच सांगितलं हुतं. मी नुसतं बोलले."

मी त्यांचा पदर ओढला. त्यांनी सोडवून घेतला. मला हळूच म्हणाल्या, "एकदा खोटं ठेव म्हनलं. तेवढं बास झालं."

दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. मग एकीला काहीतरी काम आठवलं, दुसरी तिच्याबरोबर उठली. येतो नंतर, म्हणाल्या. पुरचुंड्या बांधताना त्यांनी आमच्याकडे बघितलं नाही. आत्या ताठ बसून होत्या. ज्या वासाच्या जोरावर ही बाई अंगणातून चुलीपर्यंत गेली, तोच गेल्याचं तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं, आणि कुणाला काही सांगायची गरज नव्हती.

रंगुबाई मात्र उठल्या नाहीत. मग म्हणाल्या, "भिमाबाई, मला सांगायचं तरी. मी घरी यीऊन बसले असते." मग माझ्याकडे वळल्या. "बघ गं, कशी हाय?"

मी लवंग नखानं दाबली, हुंगली. वास आला. म्हटलं, "ठेवा."

१२ एप्रिल, शनिवार

साठ किलो गेला. नितीननं स्वतः एसटीत चढवला. संगमनेरच्या दुकानदारानं पोतं उघडल्या उघडल्या फोन केला, वास फार सुंदर आहे म्हणाला. मी फोन आत्यांच्या कानाला लावून त्याला पुन्हा बोलायला लावलं. त्या म्हणाल्या, "सुनेनं केलाय."

त्या दोघी परत आलेल्या नाहीत. येतील न येतील. माझी चिडचिड संपलेली नाही, आता कुणावर काढायची तेवढं कळत नाही. मसाला भाजताना आत्या कढईपाशीच बसल्या होत्या, धन्यांचा रंग बघून आणि तडतड ऐकून कधी उतरवायचा ते सांगत होत्या. एकदाही चुकल्या नाहीत.

दुपारी उरलेले धने डब्यात भरत होते. आत्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी चार दाणे उचलले, चुरडले आणि माझ्यापुढे तळहात धरला.

"कसा येतोय सांग."

चांगला येतोय, म्हटलं.

"तसं न्हाई. कसा येतोय ते सांग."

मी बी.ए. मराठी. म्हटलं, हिरवट आहे. थोडा गोड. पुढे सुचेना. पहिल्यांदा थंड लागतो, मग नाकात वर चढतो, म्हटलं. ओल्या कोथिंबिरीचा नाही, पण तिच्याच घरचा. असलं काहीबाही बोलत गेले. धन्यांचा वास धन्यांसारखाच असतो, दुसरं कसं सांगणार. माझा माझ्यावरच राग यायला लागला.

त्यांनी डोळे मिटले होते. तळहात तसाच होता.

"आनखी सांग," त्या म्हणाल्या.